पांढऱ्या बुटांचा सौदा

चहा गार होऊ देऊ नका, घेत घेत ऐका. आणि एक आधीच सांगून ठेवतो. या हकिकतीत मूर्ख माणूस एकच आहे आणि तो तुमच्यासमोर बसलाय. उगाच दुसरा शोधत बसू नका!

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. मी पलटणीतली कारकुनी सोडून मसुरीहून गावी परतलो आणि मेहकरजवळच्या, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत गोदामावर लागलो. सोबत काय आणलं? एक ट्रंक, एक घोंगडी आणि चाकांचे बूट.

हसताय ना? गावही असंच हसलं होतं.

मसुरीत लाकडी फरशीचं एक मोठं दालन होतं. तिथं लोक चाकांचे बूट घालून नाचत. तिशी उलटल्यावर मी ते शिकलो. लहान पोरं पडली की उठून पळायची, मी पडलो की दोघांना उचलावं लागायचं. पण शिकलो! उलटं जाणं, एका पायावर गिरकी, हात पसरून मोठं वर्तुळ… काय सांगू, चाळिशीकडे झुकलेला हा गडी त्या चाकांवर चढला की कापसासारखा हलका व्हायचा.

उन्हाळ्यात जिनिंग बंद. कापूस संपलेला, आणि सिमेंटची लांबलचक फरशी मोकळी. संध्याकाळी मी तिथं एकटाच फिरायचो. बघायला असायचा नामदेव, फॅक्टरीतला फिटर आणि माझा लंगोटीयार. तो सरकीच्या पोत्यावर बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "बापू, तू सैपाकघरातल्या भोवऱ्यावानी दिसून राह्यला बे!" सैपाकघरात भोवरा कशाला असेल, हे मी त्याला कधी विचारलं नाही. कौतुक करतोय एवढं कळत होतं.

माझी बायको कुसुम, तिनं मात्र मला कधी चाकांवर पाहिलं नव्हतं. त्या वेळी बाया कुठल्या फॅक्टरीत येणार! आणि एके दिवशी भाकरी वाढता वाढता तीच म्हणाली, "आखाजीले फॅक्टरीत पूजा हाये म्हंते. समद्या बाया येऊन राह्यल्या. मलेही दाखवा ना एकदा, तुमी काय करता ते."

आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिनं स्वतःसाठी असं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, "हाव! असं दाखवतो की पाहातच राहाशीन!"

आता अडचण बघा. माझे बूट पार गेले होते. तळ कुजलेला, चाकांची पट्टी ज्या स्क्रूंनी धरलेली ते स्क्रू हाताने निघायचे. चाकं शाबूत होती, बूट तेवढे बदलायला हवे होते. पण घोट्यापर्यंत घट्ट, कडक टाचेचे बूट आमच्याकडे कुठे मिळणार?

नामदेव म्हणाला, "खामगावले सर्कस आली हाये. तिथं चाकावर नाचनारे हायेत म्हंते."

झालं! एसटी पकडून आम्ही दोघे खामगावला.

तंबूच्या मागे एक म्हातारा मास्तर बनियनवर बसला होता. केरळकडचा, हिंदी मोडकी. माझी हिंदी पलटणीतली, म्हणजे आवाज मोठा आणि व्याकरण शून्य. त्याने चाकं न लावलेले दोन जोड काढले. एक काळा, रुंद, जागोजागी पॉलिश उडालेला. दुसरा पांढराशुभ्र, उंच टाचेचा, नाजूक शिवणीचा. अहो, दुधातून काढल्यासारखा! मसुरीत आम्ही सगळे भाड्याचे तांबडे बूट घालायचो, मी आणलेला जोडही त्यातलाच, जुना म्हणून विकत घेतलेला. बाईचे वेगळे, पुरुषाचे वेगळे, असा रंगाचा काही कायदा असतो हे मला कुठून ठाऊक?

मी पांढऱ्यावर हात ठेवला.

मास्तर हसला. "अच्छा! घरवाली के लिए?"

मला वाटलं, काय जाणकार माणूस आहे, माझ्या मनातलं ओळखलं! मी छाती काढून म्हणालो, "हां, घरवाली के लिए ही तो सब कर रहा हूँ!"

"बहुत अच्छा," मास्तर म्हणाला. मी खाली बसून बुटात पाय घालायला लागलो तसा तो जरा गोंधळला. "तुम डालके देखता है? दोनों का पाँव बराबर है क्या?"

मी माझ्या दोन्ही पायांकडे पाहिलं. हा काय प्रश्न? "दोनों एकदम बराबर! जनम से!"

"जनम से?" मास्तरने कपाळावर हात मारला आणि नामदेवकडे बघून म्हणाला, "किस्मतवाला आदमी है."

नामदेवने मान डोलावली. त्याला काय, कुणी काही म्हटलं की तो मान डोलावायचा.

बूट आत जाईना. मोजे काढले. तरी जाईना. नामदेवने मागून गुडघा लावला आणि मी पुढून दात खाल्ले तेव्हा कुठे टाच खाली बसली. आत बोटं अशी मुठीसारखी वळलेली!

मास्तर वाकून म्हणाला, "बूट में उंगली सीधा रहना मंगता. मुड़ेगा तो पूरा काम खराब. सीधा है?"

इथं, बरं का, इथं मला खरं बोलायची संधी होती. तो काळा जोड शेजारी पडला होता. पण माझ्या डोळ्यांपुढे आखाजीचा दिवस, फॅक्टरीची फरशी आणि पांढऱ्या बुटांत गिरकी घेणारा मी!

"एकदम सीधा," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी आनंदाचं म्हणून खपवलं.

पैसे मोजून निघताना मास्तर म्हणाला, "कभी दोनों साथ में आओ. सर्कस में नंबर करेंगे!"

एसटीत नामदेव खिडकीबाहेर बघत बसला होता. मग म्हणाला, "बापू, मलेही बोलावलं ना बे त्यानं? मी काय करीन सर्कशीत?"

गावी आल्यावर नामदेवने चाकं नव्या बुटांना बसवली. जुन्या बुटांचं काय करायचं? मी राजासारखा म्हणालो, "ने तुले!" त्याच्या वडिलांच्या विहिरीवरची मोट फाटली होती. माझ्या जुन्या बुटांचं चामडं तिला ठिगळ म्हणून गेलं. परतीचा दोर कापणं म्हणतात ना, तो मी असा स्वतःच्या हाताने कापला.

"एकदा घालून तं पाह्य," नामदेव म्हणत होता.

"चामडं हाये, सैल होईन," मी म्हणायचो. रोज तेल लावायचो. घालायची मात्र हिंमत होत नव्हती.

आखाजी आली. पूजा झाली. बायका एका बाजूला पदर सावरून बसल्या, कुसुम पुढे. नवं लुगडं नेसली होती. मी पांढरे बूट कसेबसे चढवले, नाड्या करकचून आवळल्या आणि निघालो.

पहिलं वर्तुळ बरं गेलं. बाया "अगं बाई!" म्हणाल्या. कुसुमने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, बस, जिंकलो! आता उलटं जाऊ.

उलटा वळलो आणि लक्षात आलं की मला पायच नाहीत. म्हणजे दिसत होते, पण लागत नव्हते! मुंग्या येऊन दोन्ही पाय बधिर. थांबायचं कसं? पायाला सांगायचं, पण पाय ऐकायला जागेवर हवा ना!

"बापू, मागं पाह्य! मागं!" नामदेव ओरडला.

मागे सरकीचा ढीग होता. मी हात पसरलेल्या त्याच ऐटीत, पाठमोरा, त्या ढिगात गेलो. गळ्यापर्यंत! वर फक्त माझं डोकं आणि दोन पांढरे बूट. चाकं फिरताहेत गरगर.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! त्यांना वाटलं, हाच खेळ! मॅनेजरसाहेब उठून म्हणाले, "व्वा! पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!"

पुन्हा कसलं होतंय? उजवा घोटा पाहता पाहता भोपळ्याएवढा सुजला. डावा बूट ओढून निघाला, उजवा निघेना. शेवटी नामदेवने कापसाच्या गठाणीचं तरट कापायची सुरी आणली आणि तो दुधासारखा बूट वरपासून खालपर्यंत चिरला.

चिरता चिरताच तो थांबला. "बापू… तो मास्तर 'दोनो' म्हने ते, तू आन मी नसन बे. तू आन वहिनी असन!"

मी सरकीत बसल्या बसल्या तो सगळा संवाद मनात पुन्हा म्हटला. घरवाली के लिए. दोनों का पाँव. जनम से!

कुसुम तोवर जवळ येऊन बसली होती. माझा घोटा तिनं मांडीवर घेतला होता. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं तो डावा, धड राहिलेला बूट ओढला आणि हळूच पाय आत घातला. सहज गेला. टाच बसली, बोटं पसरली.

"पाहा ना," ती म्हणाली, "माह्याच मापाचा हाये." मग चिरलेल्या उजव्याकडे तिनं पाहिलं आणि डावा काढून ठेवला. "मलेही आलं असतं का हो हे?"

तिच्यासाठी दुसरा जोड आणायला नामदेवला पुन्हा खामगावला पाठवलं, तर मैदानात फक्त तंबूच्या खुंट्यांचे खड्डे होते. पुढच्या हंगामात फरशीवर गठाणी रचल्या त्या हलल्याच नाहीत, आणि माझा घोटाही पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणजे तिनं मला चाकांवर पाहिलं ते तेवढंच.

त्या आखाजीच्या दिवशी बैलगाडीतून घरी येताना मी तोंड पाडून बसलो होतो. ती म्हणाली, "असे काऊन बसले? मले तं लय आवडलं. ते शेवटी सरकीत जानं तं लयच. रोज असंच करता का तुमी?"

सांगायचं होतं हो मला, की नाही, मी उलटा जातो, गिरकी घेतो, एका पायावर तरंगतो! पण तिचा चेहरा इतका खुशीत होता…

"हाव," मी म्हणालो. "रोज."

ती होती तोवर पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगायची, "आमचे हे मसुरीले जाऊन पडाचं शिकून आलते!"