सहाव्या हेडचा दोरा

डिंडोलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी एम्ब्रॉयडरी मशीनची सर्किट-कार्डं दुरुस्त करते. नवऱ्याच्या मामांचा साड्यांवर भरतकाम करायचा कारखाना जवळच. त्यांचं एक कार्ड जळलं, ते माझ्याकडेच आलं. त्यावरची एकच चिप मशीनच्या आठ हेडांच्या, म्हणजे सुया चालवणाऱ्या आठ डोक्यांच्या, कॉइल चालवायची. दोरा कापताना त्याचं टोक धरून ठेवायचं, हे त्या कॉइलचं काम. जुनी चिप भाजून काळी पडली होती. मी शॉर्टपासून संरक्षण असलेली नवी घातली. एखाद्या हेडकडे जाणाऱ्या वाटेवर शॉर्ट झाला तर ती तेवढीच वाट तोडते आणि शॉर्ट गेला की आपोआप जोडते. बाकीची हेडं चालूच राहतात.

थोड्याच दिवसांत मामा दारात उभे.

"मना मशीनमा डुप्लिकेट माल टाका का तू?"

सहाव्या हेडखालच्या साडीवर दोऱ्याच्या शेपट्या राहत होत्या. सारख्या नाही, मधूनच.

मी कार्ड ठेवून घेतलं. टेबलावर आठही वाटा चोख चालल्या. मग चिप देणाऱ्या दुकानदाराविषयी माझ्याच मनात शंकेची पाल चुकचुकली. नकली चिपवरची छपाई सहज निघते, म्हणून भिंगाखाली धरून चिपवरची अक्षरं नखानं खरवडून पाहिली. ती निघाली नाहीत, पण माझं समाधानही झालं नाही.

"मग त्या बाईचंच काम," मामा म्हणाले. दिवसपाळीला नंदुरबारकडची एक नवी कारागीर होती आणि शेपट्या तिच्याच पाळीत राहत होत्या. "कोणीतरी शिकवून पाठवलीये तिला. काढूनच टाकतो."

मलाही ते खरं वाटायला लागलं. कार्ड परत बसवायला कारखान्यात गेले, तर मशीनऐवजी मी तिच्या हातांकडेच बघत राहिले. तिच्या ते लक्षात आलं.

"ताई, मशीन बघायला आलात, का मला?"

मी कार्ड बसवलं आणि त्यावर सहाव्या व तिसऱ्या हेडचे प्लग आपसात बदलले. मशीन चालू केलं. जरा वेळानं कार्डावर तिसऱ्या वाटेचा, शॉर्ट दाखवणारा लाल दिवा लागला. शेपटी मात्र सहाव्या हेडखालीच राहिली. म्हणजे चिप बरोबर होती. दोष सहाव्या हेडच्या वायरमध्ये नाहीतर कॉइलमध्ये होता.

"तुझी चिप आरोपातून सुटली. तुला बरंच झालं," मामा म्हणाले.

मी मशीनच्या मागे जाऊन बसले. दिवसपाळीत पदराचं मोठं डिझाइन चालायचं, दुसऱ्या पाळीत बारीक बुट्टी. पदराच्या वेळी साडी ताणून धरणारी फ्रेम पार टोकाला जायची आणि खाली लोंबणारी सहाव्या हेडची वायर मशीनच्या लोखंडावर दाबायची. वायरचं आवरण तिथे झिजून तांबं दिसत होतं. फ्रेम मागे आली की शॉर्ट संपायचा आणि चिप ती वाट पुन्हा जोडायची.

मामांनी टॉर्च मारून पाहिलं. "हे ब्लेडनं सोललेलं नाही कशावरून?"

"मामा, कडेला हात लावून बघा. घासून गुळगुळीत झालंय. ब्लेडचा काप असा नसतो."

त्यांनी बोट फिरवलं. मग टॉर्च बंद केला.

मी वायर बदलून वर बांधली. शेपट्या थांबल्या, बाईचं काम टिकलं. मामांनी मात्र पुढच्याच आठवड्यात मशीनवर कॅमेरा बसवला. आता मी गेले की ती कारागीर हसून 'या ताई' म्हणते, पण मी निघेपर्यंत मशीनपासून हलत नाही, माझ्या हातांकडेच बघत राहते.