पोलीस बखरकार

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी टाकानिनी या आमच्या परदेशातल्या उपनगराच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं व्याख्यान झालं. विषय होता ‘मध्ययुगीन पोलिश बखरकार’. निमंत्रण गेलं ते ‘मध्ययुगीन पोलीस बखरकार’ असं. सचिवांनी मजकूर फोनवर टाइप केला होता आणि ‘पोलिश’ हा शब्द फोनला मान्य नव्हता. हॉल भरला. त्या सुमारास आमच्या भागात घरफोड्या चालू होत्या.

व्याख्यात्या म्हणजे माझ्या शेजारच्या बाई. जन्म पोलंडचा, लॅटिनच्या निवृत्त शिक्षिका. महिनाअखेर त्या टौरंगाला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या. निवृत्तीनंतरचा सगळा काळ त्यांनी आठशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपवर घालवला होता. या बिशपने आपल्या देशाचा इतिहास लिहिला, गादी सोडली, अनवाणी चालत मठात गेला आणि तिथेच साधा साधू म्हणून वारला. काही शतकांनी चर्चने त्याला पुण्यात्मा ठरवलं. बाईंचं म्हणणं, हा पुण्यात्मा पानोपानी थापा मारतो आणि म्हणूनच तो वाचायला हवा. त्यांच्या पोलिश क्लबला पुण्यात्मा चालत होता, थापा चालत नव्हत्या. क्लबने व्याख्यान नाकारलं. जाण्यापूर्वी एकदा तरी कुणी हे शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

कुंपणापाशी बोलताना त्यांनी मला विचारलं होतं, अशा पुस्तकाला तुमच्यात काय म्हणतात?

मी म्हटलं, बखर.

त्यात खरं किती असतं?

घराण्याला शोभेल तेवढं.

“मग तुमच्या मंडळातच बोलते,” त्या म्हणाल्या.

त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आईला विचारलं, “इज शी अ कॉप?”

“रिटायर्ड असतील. गप बस.”

बाई इंग्रजीतून बोलत होत्या. बिशप, मठ, लॅटिन. मागे खुर्च्या सरकू लागल्या. काही जण उठून चहाकडे गेले. मग बाई लढाईवर आल्या. जग जिंकायला निघालेला ग्रीक राजा, बिशपच्या सांगण्यानुसार, पोलंडवरही चालून आला होता. तिथल्या एका सोनाराने झाडांच्या सालींच्या ढाली आणि शिरस्त्राणं केली, चकचकीत रंगवली आणि टेकडीवर उन्हात मांडून ठेवली. शत्रूला वाटलं, फौज उभी आहे. तो तिकडे धावला आणि सापळ्यात सापडला. लोकांनी सोनाराला राजा केलं.

तिसऱ्या रांगेतले एक काका उठले. ते पुण्यात इंजिनिअर होते. “मॅडम, ही युक्ती आमची आहे. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधले होते. शत्रू बैलांच्या मागे, फौज भलतीकडे.”

“काका, बिशप त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा आहे,” सचिव म्हणाले.

“मग त्याने आगाऊ ढापली.”

हॉल हसला. चहाकडे गेलेले कप घेऊन परत आले.

“तुमच्या ढालींना पुरावा काय?” काकांनी बाईंना विचारलं.

“काहीच नाही. तो राजा पोलंडला कधी आलाच नाही. तुमच्या बैलांना?”

“आमच्या बैलांना पुरावा लागत नाही.”

“बिशपचंही तेच म्हणणं होतं,” बाई म्हणाल्या.

मग एका वहिनींनी हात वर केला. “म्हणजे बाहेर जाताना लाइट चालू ठेवायचा आणि दारात पुरुषाच्या मोठ्या चपला ठेवायच्या?”

बाईंनी थोडा विचार केला. बिशपला हे पटलं असतं, असं त्यांनी सांगितलं.

व्याख्यान ठरल्यापेक्षा बरंच लांबलं. पण आता संपेपर्यंत कुणी उठलं नाही. महिनाअखेर बाई टौरंगाला गेल्या. त्यांची पुस्तकांची खोकी काकांनी आपल्या गाडीतून पोहोचवली. वाटेत बैलांचा विषय निघाला, असं दोघांनीही सांगितलं.

ऑगस्टमध्ये मंडळाचा वार्षिक अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: ‘पोलीस दलातील निवृत्त ज्येष्ठ अधिकारी मॅडम यांनी घराच्या सुरक्षेबाबत इतिहासातील दाखले देऊन मार्गदर्शन केले.’ मी सचिवांना दुरुस्ती पाठवली आणि बाईंना फोन करून ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग दुरुस्ती मागे घ्यायला सांगितली.

मी ती मागे घेतली. अहवाल मंडळाच्या वेबसाइटवर तसाच आहे.