राजाचा चित्रकार आणि आमच्या हिचे दात

माझं शिक्षण चौथी, तीही ढकलत ढकलत. तरी स्पेन देशाच्या एका चित्रकाराबद्दल मी बोलू शकतो. माझी लेक मुंबईला शाळेत चित्रकला शिकवते. बायको गेल्यावर ती इकडे आमच्या गावी, नात्याला आली आणि बापाचं मन रमावं म्हणून चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसली.

हा चित्रकार राजाच्या पदरी होता. तरुणपणी त्यानं जत्रा, पतंग, छत्री धरलेल्या बाया, असली मजेची चित्रं काढली. मग राजाचं अख्खं कुटुंब काढलं आणि राणीचं तोंड होतं तसंच ठेवलं.

"फटके नाय पडले त्याला?"

"नाय ओ बाबा. राजाला आवडलं."

त्याआधीच तो आजारी पडून ठार बहिरा झाला होता. मलाही कमी ऐकू येतं, पण ते बायकोच्या ओरडण्यानं. त्याची चित्रं मात्र काळवंडत गेली. म्हातारपणी त्यानं घराच्या भिंतींवरच काळी भुतंखेतं रंगवली. लेक ती पानं दाखवेना. मी बघितलीच. समोर रिकामी भिंत असली की माणसाला काय काय दिसतं, मला विचारा. माझ्या भिंतीवर नुसता खिळा होता, बायकोच्या फोटोसाठी ठोकलेला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा महाडच्या स्टुडिओत गेलो. तिचा एकच फोटो होता: सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्याकाठी, पदर खोचून माझ्यावर ओरडतानाचा. स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला. बघतो तर गोरीपान बाई, अंगावर पैठणी, गळ्यात ठुशी, आणि पुढे आलेले दात गायब. तोंड मिटलेलं!

"ही कोण रे?"

"काकीच की! सगळ्यांना असाच करून देतो, काका. पैठणी फ्री हाय."

"हिला तोंड मिटलेली मी जन्मात बघितली नाय. दात परत घाल."

"भिंतीवर बरं दिसंल का ते?"

"स्पेनच्या राणीचं तोंड राजाच्या माणसानं झाकलं नाय, आणि तू माझ्या बायकोचे दात गिळतोस?"

त्याला काय कळलं देव जाणे. पण दात आले, पैठणी गेली.

वर्षश्राद्धाला धाकटी भावजय फोटोपुढे येऊन दचकली. "अगो बाई, ही तर ओरडतेय!"

"मग? ओळखलीस ना?"

डोळे पुसत तिनं हार घातला. फुलं नेमकी तोंडावर आली. मी उठलो आणि हार खाली ओढला.

"राहू द्या ना, भावजी."

"नाय गो. बोलू दे तिला."