गाडीखालचा आवाज

शेंगावाल्या काकांचा धंदा म्हणजे एक हातगाडी, वाळूची कढई आणि तोंड. त्यात सगळ्यात जास्त काम तोंडाला. शेंग नीट भाजली का हे बघायला ते एक खात, खात्री पटावी म्हणून दुसरी, आणि पुढच्या साताठ निव्वळ प्रेमापोटी. गाडी ते हाताने कमी आणि पोटानेच जास्त ढकलत.

शेवटी काकूंनी फर्मान काढलं. त्यांची खिडकी गाडीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर.

"दिवसभर 'गरम शेंगा, गरम शेंगा' ओरडत राहायचं. आवाज थांबला की तोंडात शेंग आहे असं मी धरणार. तीनदा थांबला तर गाडी बंद, आणि तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात खिळे तोलायला."

काकांना घाम फुटला. खिळे खाता येत नाहीत.

पहिल्या दोन दिवसांतच आवाज दोनदा थांबला. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना घोगरी सापडली.

घोगरी ही समोरच्या शिंपीणबाईंची आठ वर्षांची लेक. अंगाने काडी, आवाज सर्दी झालेल्या हवालदाराचा. तिने फोन उचलला की आत्या तिलाच दादा समजून सासरची गाऱ्हाणी सुरू करायची. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला सांगूनच ठेवलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ." त्या दिवशी तिने गाडीपाशी उभं राहून सहज काकांची नक्कल केली, आणि वरून काकू म्हणाल्या, "हां, आता कसं. असंच चालू द्या."

काकांनी घोगरीकडे वळून पाहिलं, ते हरवलेली बहीण सापडल्यासारखं.

रोज एक पुडी, असं ठरलं. सकाळची शाळा सुटली की घोगरी गाडीखाली, गोणपाटाच्या पडद्याआड बसायची आणि जीव तोडून ओरडायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला ओठ नुसते हलवू नकोस म्हणत होतं. तिला तिथून फक्त पाय दिसत. कोण आलं ते ती चपलांवरून ओळखायची. वर काका निवांत चघळत असायचे.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी काकांना शेंगेच्या सालपटाने ठसका लागला. डोळे पांढरे व्हायला आले, तसे ते पाण्यासाठी जिना चढत घरी पळाले. काकूंनी पाणी दिलं, पाठीत तीन धपाटे घातले, चौथा उगारला आणि हात हवेतच राहिला.

खालून दणदणीत आवाज येत होता, "गरम शेंगा."

"अहो, तुम्ही इथे. मग खाली कोण आहे?"

काका घोट गिळून म्हणाले, "तो... आता सवयीने आपोआप येतो."

घोगरीला गाडीपाशी निळ्या पट्ट्यांच्या सपाता दिसल्या. ती आणखी जोरात ओरडली. गोणपाट वर झालं आणि समोर काकूंचं तोंड.

"पुडी भरलेली देतात का गं तुला?"

"अर्धीच," घोगरी म्हणाली. "उरलेली तपासतात."

दुसऱ्या दिवशी काका खिळ्यांत गेले. गाडीवर काकू उभ्या राहिल्या आणि स्वतःच ओरडू लागल्या. त्यांना म्हणे कुणाची गरज नव्हती. घोगरी घरी बसून वहीच्या कडेला खिळे काढत राहिली. काकांनी त्यातला एखादा चावून बघितला असेल का, हाच विचार तिच्या डोक्यात.

तीन दिवसांनी भर दुपारी काकूंचा आवाज मध्येच तुटला. "गरम शें..." आणि पुढे काही नाही.

घोगरीने वही मिटली. रस्ता ओलांडून, कुणाला काही न विचारता गाडीखाली शिरली आणि ओरडली, "गरम शेंगा."

लगेच चार खिडक्या उघडल्या. "अगंबाई, काका आले वाटतं परत?"

काकूंच्या तोंडात दोन्ही गालांना पुरेल इतका ऐवज होता. बोलणार काय? त्यांनी मान डोलावली. आता अख्ख्या गल्लीसमोर हो म्हटल्यावर मागे कसं फिरणार? संध्याकाळी त्यांनी भावाला निरोप धाडला की यांना परत पाठव.

पण त्याआधी गोणपाट हललं आणि एक हात पुडी घेऊन खाली आला. पुडी काठोकाठ भरलेली होती, आणि दाणे सोललेले.

"ओरड की," वरून काकू भरल्या तोंडाने म्हणाल्या. "थांबलीस का?"

घोगरीला बोलता येत नव्हतं. तिचंही तोंड भरलेलं होतं.