डास मेडशेन, तां चेडू

“मॅडम, मुलगी ‘ते’ कशी असेल?”

परब सिस्टरांनी हे विचारलं आणि मी आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या काळ्या चौकटीकडे पाहिलं. कॅमेरा बंद ठेवून तिथे आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम बसल्या होत्या, पुण्याहून. माझं ऑब्झर्वेशन चालू होतं. म्हणजे नव्या टीचरचा क्लास वरिष्ठांनी गप्प बसून बघायचा आणि मग ठरवायचं, बॅच हिच्याकडे ठेवायची की दुसऱ्या कुणाला द्यायची.

मला ही बॅच हवी होती. फोर्टमधल्या एका ऑफिसात मी बरीच वर्षं जर्मन पत्रव्यवहार सांभाळला. पुढे ते ऑफिस बंगळुरूला गेलं आणि मी लालबागला राहिले. पत्रं लिहिता येतात म्हणजे शिकवताही येईल, असा माझा समज होता. तो पहिल्याच आठवड्यात दूर झाला.

माझ्या विद्यार्थिनी परळच्या हॉस्पिटलांतल्या नर्सेस. जर्मनीत नोकरीला जायचं तर भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, म्हणून ड्युटी संपवून लॉगिन करायच्या. इन्स्टिट्यूटचा नियम कडक होता. डायरेक्ट मेथड. जर्मन जर्मनमधूनच शिकवायची, फारच अडलं तर इंग्लिश वापरायचं. मातृभाषा पूर्ण बंद.

आता जर्मनची गंमत अशी की प्रत्येक नामाआधी एक छोटा शब्द लागतो. पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी आणि नपुंसकलिंगाला डास. पहिल्या दिवशी डास म्हटल्यावर मलेरिया वॉर्डातल्या दोघी इतक्या हसल्या की मला त्यांना म्यूट करावं लागलं. पण लिंगं तीन आहेत म्हटल्यावर कुणी घाबरलं नाही. इंग्लिशमध्ये ही भानगड नाही, हिंदीत दोनच लिंगं. मराठी माणूस मात्र तो, ती, ते म्हणतच मोठा होतो. मी मराठीचा एक शब्दही काढला नव्हता, तरी मराठीतलं लिंग तेच जर्मनमधलं, असं बायकांनी आपसात ठरवून टाकलं.

इथेच घोळ झाला. खुर्ची ‘ती’, म्हणून सगळ्यांनी डी लावलं. जर्मन खुर्ची पुरुष निघाली. दार ‘ते’, म्हणून डास लावलं. जर्मन दार बाई निघालं. सूर्यसुद्धा तिकडे बाई आहे म्हटल्यावर वरळीच्या वैशाली सिस्टरांनी चॅटमध्ये लिहिलं, “म्हणूनच तिकडे कमी दिसतो. घरातून सवड होत नसेल.”

हेही सगळ्यांनी पचवलं. शेवटी निर्जीव वस्तू, त्यांना काय फरक पडतो? पण मुलगी म्हणजे मेडशेन, आणि तिलाही डास, म्हटल्यावर परब सिस्टर अडून बसल्या. लेबर वॉर्डात जन्म गेलेली बाई. मुलगी झाली की मुलगा, हे सांगणं हेच त्यांचं काम.

मी नियमाप्रमाणे सुरुवात केली. शब्दाच्या शेवटी ‘शेन’ आलं की तो शब्द लहानपण दाखवतो, आणि असा प्रत्येक शब्द नपुंसकलिंगी होतो. हे मी आधी जर्मनमध्ये सांगितलं, मग इंग्लिशमध्ये, मग बाण काढून. मोठ्या डॉक्टरांच्या राउंडला हलवतात तशा सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे कुणालाही काही कळलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी आई आली. आई मूळची मालवणची. लालबागेत आयुष्य काढलं, पण घरात मालवणीच बोलते. माझ्या खोलीच्या दारावर ‘क्लास चालू आहे’ अशी चिठ्ठी होती. ती इतरांसाठी आहे, असं आईचं मत आहे.

“गो, समोरच्यांचां चेडू इलां हा. तां मघापासून दारात उभां हा. ताका काय व्हया तां विचार.”

समोरच्यांची मुलगी काहीतरी मागायला आली होती. माइक चालू होता. मी आईला हातानेच गप्प केलं आणि स्क्रीनकडे वळले, तर परब सिस्टर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या होत्या.

“मॅडम, आई चेडवाला ‘तां’ म्हणाल्या.”

“म्हणाली.”

“आमच्या वेंगुर्ल्यालापण तेच म्हणतात. तां चेडू, ते चेडू. म्हणजे डास चेडू?”

मी काळ्या चौकटीकडे पाहिलं. मग ठरवलं, बॅच जायची तर जाऊ दे. सरळ मराठीत सांगितलं, “हो. डास चेडू. लेकरू ते, वासरू ते, पाखरू ते. लहान असलं, लाडकं असलं की आपणही ‘ते’ म्हणतो. जर्मन लोक काही वेगळं करत नाहीत.”

“आमच्याकडे लाडात ‘कार्टं’ म्हणतात,” वैशाली सिस्टर म्हणाल्या. “तेपण डासच.”

पुढची पंधरावीस मिनिटं सगळ्या असेच शब्द शोधून त्यांना डास लावत राहिल्या. मला त्या सगळ्यांचा इतका अभिमान वाटला की मी ऑब्झर्वेशन विसरूनच गेले.

क्लास संपल्यावर कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला.

“नियम मोडलात तुम्ही.”

“हो मॅडम.”

“चेडू म्हणजे मुलगी?”

“हो.”

“आमच्याकडे नाही म्हणत.”

“जर्मनीतही नाही म्हणत, मॅडम.”

“ठीक आहे. मातृभाषेची सुरुवात तुम्ही नाही, तुमच्या मातेने केली, असं रिपोर्टमध्ये लिहिते. बॅच तुमच्याकडेच राहील. आणि ते लेकरू-वासरू मला मेल करा, इतर टीचर्सना पाठवू. चेडू नको, पुण्यात कुणाला कळणार नाही.”

परीक्षेत मेडशेनला सगळ्यांनी डास लावलं. दारालाही निम्म्या जणींनी डासच लावलं, पण तरी पास झाल्या.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी आत जाऊन आईला म्हटलं, “आई, तुझ्यामुळे बॅच वाचली.”

“ती वाचली,” आई म्हणाली. “आणि त्या चेडवाचा काय? तां दारात उभां रवान कट्टाळलां नि घराक गेलां.”

तेव्हापासून क्लास सुरू करण्याआधी मी दोन गोष्टी बघते. माइक बंद आहे का, आणि दारात कुणी उभं आहे का. हे ‘उभं’सुद्धा डासच, हे मला परब सिस्टरांनी दाखवून दिलं.