सहाव्या अल्बमचा त्याग

रस्टहॅमर या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडचे अख्ख्या खानदेशात तीन चाहते आहेत. धुळ्याचा झैद, चाळीसगावचा भूषण आणि जळगावात साड्यांचं दुकान चालवणारा मी, नाव तरुण. चौथा कोणी असलाच तर आमची भांडणं ऐकून तो गप्प बसला असणार. भूषणला खरं तर भजनंच आवडतात. पण हिवाळ्यातली आमची भरीत पार्टी त्याच्या शेतात होते, म्हणून त्यालाही आम्ही चाहता धरतो.

झैदची आणि माझी गाठ एका कॅसेटवरून पडली. जळगावच्या एका कॅसेटच्या दुकानात या बँडची एकच कॅसेट आली होती आणि ती आम्ही दोघांनी एकदमच धरली. मी व्यापाऱ्याचा मुलगा, हातातली वस्तू सोडणं रक्तात नाही. तोडगा झैदनेच काढला: अर्धा महिना कॅसेट धुळ्यात, अर्धा महिना जळगावात. एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून ती पुढे कित्येक वर्षं ये-जा करत होती.

झैदच्या घरात खाली पॉवरलूम आणि वर माणसं. वडिलांच्या, युसूफचाचांच्या हाताखाली तो लहानपणीच मागावर उभा राहिला. त्या खडखडाटातही ऐकू येईल असं हे एकच संगीत आहे, म्हणून आपण मेटलकडे वळलो, असं तो सांगतो. माझं कारण एवढं भारदस्त नाही. दिवसभर ‘घ्या ताई, रंग जाणार नाही’ असं गोड बोलावं लागतं, तर संध्याकाळी कोणीतरी आपल्या वतीने बोंबलावं असं वाटायचं. बाकी माझ्यात मेटलचं काही नाही. एकदा बँडचा काळा टी-शर्ट घालून दुकानात बसलो तर गिऱ्हाइकाने मला माल उतरवायला आलेला समजून मालक कुठे आहेत म्हणून विचारलं.

आमचा वाद बँडच्या उतारवयाचा. पाच अल्बमपर्यंत सगळं ठीक होतं. सहाव्यापासून गिटारी हळू झाल्या आणि गायक ओरडायचं सोडून चक्क गायला लागला. मी जाहीर केलं की बँड मेला. झैद म्हणाला, बँड मोठा झाला. साठीला आलेल्या माणसाने विशीतल्यासारखं किंचाळत राहायचं का, असं तो विचारायचा. झेपत नसेल तर घरी बसावं, असं मी म्हणायचो. मी स्वतः जिना चढताना मध्ये थांबतो, ही गोष्ट वेगळी.

अशात चातुर्मास आला. आमच्या जैन स्थानकात मुक्कामाला आलेले महाराजसाहेब प्रत्येकाला काहीतरी सोडायला सांगतात. कोणी बटाटा सोडतं, कोणी मिठाई. मला यातलं काहीच सुटण्यासारखं नव्हतं. म्हणून मी हात जोडून सांगितलं की एका बँडचे सहाव्यापासून पुढचे सगळे अल्बम मी जन्मभरासाठी सोडतो. जे आवडतच नाही ते सोडून फुकटात पुण्य मिळत होतं. महाराजसाहेबांना अल्बम कळला नसावा, पण माणूस सोडतोय म्हटल्यावर त्यांनी रीतसर नियम दिला. शेजारी आमच्या बाई, म्हणजे माझी आई चंदनबाई, बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून बाईंचा पहारा सुरू झाला. मोबाइलवर काही वाजलं की आतून विचारणा व्हायची, हे सोडलेल्यातलं तर नाही ना? आमच्यात कडक पाळणारे वांगं खात नाहीत, लसूण तर नाहीच. मी भूषणच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं लसूण घातलेलं भरीत दोन-दोनदा वाढून घेतो. अल्बमांचा नियम मात्र मोडला नाही. दर हिवाळ्यात मी न ऐकलेल्या अल्बमांवर तावातावाने बोलायचो, आणि ऐकलेलं नसल्यामुळे माझ्या मतात कधी गोंधळ व्हायचा नाही.

यंदा पार्टीला झैद आला तो बोलणाऱ्याकडे डावा कान वळवत. त्याचा उजवा कान गेला आहे आणि डावाही चालला आहे. मागाच्या आवाजाने झालं, असं डॉक्टर म्हणाले. जेवताना त्याने आपलं जुनंच म्हणणं मांडलं, की नवव्या अल्बममधलं शेवटचं गाणं हे बँडचं सगळ्यात चांगलं गाणं. भूषण लगेच त्याच्या कानाशी वाकला आणि अहिराणीत होकार भरत म्हणाला, “बठ्ठं खरं शे तुनं, झैदभाऊ.” आणि मी, ज्याने इतकी वर्षं एक पाऊल मागे घेतलं नव्हतं, त्या मीही हो म्हणून मान हलवली.

झैदने ताट खाली ठेवलं.

“कान गेल्यापासून सगळ्यांना माझं पटायला लागलंय,” तो म्हणाला. “घरात पटतं, बाजारात पटतं. आता तुलाही पटतंय? डावा कान आहे तोवर एकदा ऐक ते गाणं. आणि ऐकून भांड माझ्याशी.”

मी नियमाचं पुटपुटलो. त्याला ते ऐकू गेलं नाही, आणि मोठ्याने सांगायची मला लाज वाटली. भरिताचा डबा न घेताच तो धुळ्याला गेला.

घरी मला जेवण गेलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, “नियमाला आगार असतो, अपवाद असतो. काम मोठं असलं आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलं, तर तेवढी सूट असते. मी सांगते, जा. त्याचा कान थांबायचा नाही.”

शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी मी धुळ्याला गेलो. खालच्या खोलीत झैदने स्पीकर मांडला आणि त्याला डावा कान लावून बसला. मी शेजारी. रटाळ, रडकं, म्हातारं असे शब्द मी बसमध्येच तयार करून ठेवले होते.

गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज चिरकलेला होता. जिथे पूर्वी तो उंच किंचाळायचा तिथे तो खालीच थांबत होता, आणि वरची जागा गिटार घेत होती. तो बदलला नव्हता, विकला गेला नव्हता. त्याला आता तिथे पोचता येत नव्हतं, आणि त्याने ते लपवलं नव्हतं. मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मला ते गाणं फार आवडलं.

झैद माझ्याकडे बघत होता. आवडलं म्हणालो असतो तर मान हलवणाऱ्यांत माझी भर पडली असती. दयेपोटी बोलतोय असंच त्याला वाटलं असतं, आणि मग त्याच्याशी भांडायला कोणीच उरलं नसतं.

“भंगार,” मी त्याच्या डाव्या कानाशी ओरडलो. “एकदम भंगार आहे. परत लाव.”

झैद माझ्या डोळ्यांकडे बघून हसला आणि त्याने गाणं परत लावलं.