अंगणात बंदी असलेलं नाव

आर्मेनियातल्या येरेवान शहरात तीस वर्षं ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेल्या अर्शाविरला बुद्धिबळ खेळता येत नसे, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. शाळकरी पोरंही त्याला पंधरा चालींत गुंडाळून घरी जेवायला जात. पण मोठ्या खेळाडूंच्या आयुष्यातलं काय वाट्टेल ते विचारा: कोण कुठे जन्मला, कोण काय शिकला, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं तोंडपाठ.

त्या भांडवलावर तो दर रविवारी दुपारी अंगणातल्या तुतीखाली, हात असलेल्या एकुलत्या एक खुर्चीत बसे आणि खेळाडू ओळखायची कोडी घाली. बाकीचे बाकांवर. सुरुवातीला फार ताप झाला. "हा हॉलंडमधला गणिताचा मास्तर..." म्हटलं, की सेरोझ न्हावी ओरडे, "पेत्रोस्यान!" "हा क्यूबाचा..." "पेत्रोस्यान!" आपला माणूस जगज्जेता झाला, मग दुसऱ्याचं नाव घ्यायचंच कशाला? शेवटी अर्शाविरने फतवा काढला: पेत्रोस्यानचं नाव जो तोंडातून काढील, मग तो कोणी का असेना, त्याने सगळ्यांना कॉफी करायची आणि महिनाभर बाकावर गप्प बसायचं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर वार्दुही राहायला आली. शाळेत गणित शिकवायची. पहिल्या रविवारी अर्शाविर म्हणाला, "हा विजेचा इंजिनिअर..."

"बोत्विनिक."

दुसऱ्या रविवारी, "याच्या उजव्या हाताला तीनच बोटं..."

"ताल. काका, जरा अवघड घाला की!"

बाकांवर हशा पिकला. अर्शाविर चिडून बोलून गेला, "तिसऱ्यांदा ओळखलंस, तर ही खुर्ची तुझी!"

आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. "त्या खुर्चीवरून उठलात, तर दुपारभर माझ्या पायात घोटाळाल," बायको नोयेम म्हणाली. "काहीतरी करा." शनिवारी त्याला युक्ती सुचली आणि तो दोन ताटं जेवला.

रविवारी त्याने घसा खाकरला. "हा लढाईच्या काळात पोरका झाला. रस्ते झाडून पोट भरलं."

बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडणारे दात थांबले. सगळ्यांना नावही कळलं आणि डावही. सेरोझने तोंड उघडलं आणि हाताने मिटलं.

"कानात यंत्र घालतो," अर्शाविर खुशीत म्हणाला. "बोल, वार्दुही."

"विचार करतेय, काका."

"लबाडी आहे ही!" सेरोझ पुटपुटला.

"मग नाव घे ना! घे!"

सेरोझ आकाशाकडे बघू लागला. वार्दुहीने आणखी एक बी फोडली. जिंकलोच, असं अर्शाविरला वाटलं. पण आता तो रंगात आला होता. "त्रेसष्ट साली जगज्जेतेपदाच्या सामन्यातल्या त्याच्या चाली मॉस्कोहून तारेने यायच्या, ऑपेरागृहाच्या चौकात मोठ्या पटावर लावायचे. मी गाडी तिथेच उभी केली होती. उतारू उतरून चौकात, मी त्यांच्या मागे. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडत होती!"

सगळे गप्प.

"सेरोझ, तू माझ्या खांद्यावर चढला होतास! आठवत नाही?"

सेरोझ बुटांकडे बघत होता. अर्शाविरला ते सहन होईना. त्या माणसाबद्दल एवढं सांगावं आणि अंगणात एकाही आर्मेनियनाच्या तोंडून हूं की चूं नाही?

"अरे, दगड आहात का?" तो खुर्चीवरून उठून गरजला. "पेत्रोस्यान! आपला पेत्रोस्यान!"

मग बाकांवर जो गोंधळ उठला, तो ऐकून वरच्या खिडक्या उघडल्या.

"मी कुठे ओळखलं?" वार्दुही म्हणाली. "बसा, काका, बसा."

"नाही. नियम म्हणजे नियम," अर्शाविर म्हणाला आणि मान खाली घालून कॉफीच्या मागे लागला. ती खुर्चीवर संकोचून बसली, थोडा विचार केला.

"याचा आवाज इतका चांगला, की मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात गायक व्हायची परीक्षा द्यायला गेला होता..."

कॉफीचं भांडं हातात धरून अर्शाविर जागच्या जागी थांबला. स्मिस्लोव! बाकांवर सगळे डोकं खाजवत होते, आणि त्याला महिनाभर बोलायची बंदी. तीस वर्षांच्या नोकरीत तो चौकातला एक दिवस सोडला, तर कधीच उशीर न केलेल्या त्या माणसाने ओठ घट्ट मिटले, दुसरा हात मात्र शाळेतल्या पोरासारखा ताठ वर केला, आणि बाईंनी बघावं म्हणून तो हलवत राहिला.